चार बोटं रिकामी

मार्च संपत आला की आमच्या नागपूरच्या घरी वाळ्याचं सरबत व्हायचं. रात्रभर भिजवलेल्या वाळ्याचं पाणी गाळून आई त्यात साखर घालायची आणि पाक उकळत ठेवायची. थर्मामीटरची भानगड नाही. पळीवरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं लांब करायची, एक तार आली की गॅस बंद. मग पाक कढत असतानाच बाटल्यांत. बाटल्या आधी गरम पाण्यातून काढलेल्या, नाहीतर तडकायच्या. गळ्याच्या काठोकाठ भरायचं आणि लगेच बूच दाबून बसवायचं.

मी चौथीत असतानाची गोष्ट. सकाळी पाच बाटल्या फळीवर ओळीनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीचा गळा चार बोटं रिकामा. आळ अर्थातच माझ्यावर. मी शपथा घेतल्या, रडून झालं. शेवटी बाबा दाढी करता करता म्हणाले, “अगं, पाचही बाटल्यांतून मोजून सारखंच पिणारा चोर आपल्या घरात कुठला आलाय? गरम होतं तेव्हा फुगलेलं होतं, गार झालं तसं खाली बसलं.”

मी सुटलो. पातेल्याचा तळ मात्र मीच चाटला होता, पण ते कुणी विचारलं नाही.

बारा-तेरा वर्षांनी, जिऑलॉजीच्या एम.एस्सी.ला, गारगोटीचा एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला तीच फळी दिसली. काप जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंनी काचेसारखा घासलेला. त्यात केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढ्या कुप्या, ओळीनं. प्रत्येक कुपीत पाणी, प्रत्येक पाण्यात एक बुडबुडा, आणि बुडबुड्यांचा आकार सगळीकडे कुपीच्या मानानं सारखा. त्यातले लहान बुडबुडे एका जागी ठरत नव्हते. कोंडलेल्या माशीसारखे सारखे हलत होते. अडीचशे कोटी वर्षं जुन्या दगडात काहीतरी हलतंय, याची सवय व्हायला मला आठवडा लागला.

या कुप्यांना आम्ही ‘इन्क्लूजन’ म्हणायचो. मराठीत द्रव-समावेश असा एक जड शब्द आहे, तो मी फक्त परीक्षेत वापरला. खडकाच्या फटीतून गरम खारं पाणी वाहतं, त्यातून गारगोटीचा स्फटिक वाढत जातो, आणि वाढताना एखादा खळगा राहिला की पाण्याचा थेंब आत बंद होतो. बंद होताना तो काठोकाठ भरलेला असतो. मग सगळं गार होतं. गारगोटी जवळजवळ आकसत नाही, पाणी मात्र भरपूर आकसतं, आणि जी जागा रिकामी होते तो बुडबुडा. शुद्ध पाणी ३०० अंश सेल्सिअसला उकळीच्या काठावर असताना बंद झालं, तर गार झाल्यावर कुपीचा साधारण तीस टक्के भाग रिकामा दिसेल. २०० अंशांना बंद झालं असेल तर तेरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बुडबुडा जितका मोठा, तितकं पाणी गरम. आता उलट जायचं. काप तापवत न्यायचा आणि बुडबुडा ज्या क्षणी नाहीसा होतो ते तापमान टिपून घ्यायचं.

ही युक्ती १८५८ सालची आहे. शेफिल्डचा हेन्री क्लिफ्टन सॉर्बी हा घरचं खाऊनपिऊन सुखी असलेला, कुणाची नोकरी न करता आयुष्यभर स्वतःच्या कुतूहलामागे लागलेला माणूस. दगड कागदाइतके पातळ घासून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. डोंगर काय सूक्ष्मदर्शकातून बघायचे असतात, अशी चेष्टा त्या काळी झाली. त्यानं बुडबुडे मोजले आणि लिहून टाकलं, की यावरून स्फटिक किती तापमानाला वाढला ते काढता येईल. त्याच लेखात त्यानं हेही बजावलं होतं, की दाब माहीत नसेल तर हे उत्तर पुरं नाही. पहिलं वाक्य लोकांनी उचललं. दुसऱ्याला मान मिळायला बराच काळ गेला, आणि माझ्या मते अजूनही पुरता मिळालेला नाही.

माझा दगड हट्टीचा होता. नाव ऐकून घरी सगळे हसले. “तुला शोभतं,” आई म्हणाली. कन्नडमध्ये हट्टी म्हणजे वाडी, वस्ती. गाव रायचूर जिल्ह्यात, पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे आपल्या मराठवाड्याचंच एकेकाळचं सासर. २००१ च्या फेब्रुवारीअखेर कोलारच्या खाणी बंद झाल्या, आणि त्यानंतर देशातल्या खाणींतून निघणारं बहुतेक सोनं हट्टीचंच. पण तिथे खोदणारे आपण पहिले नव्हे. जुन्या काळातल्या माणसांनी दोनशे मीटरच्या आसपास खोल जाऊन सोनं काढलेलं आहे. खडकाला आग लावून तापवायचा, तडकवायचा आणि फोडायचा. आग लावलेल्या त्या भिंतींची गारगोटी माझ्या काहीच कामाची नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी माझा प्रयोग करून टाकला होता, नोंद न ठेवता.

जवळच मस्की आहे. १९१५ साली बीडन नावाचा एक खाण अभियंता त्या मुलखात सोनं शोधत फिरत होता आणि त्याला सापडला अशोकाचा शिलालेख. त्याआधीच्या लेखांत ‘देवांचा प्रिय’, ‘प्रियदर्शी’ अशाच पदव्या होत्या. हा राजा म्हणजे पुराणांतला अशोकच असावा असा तर्क होता, बराच पक्काही होता, पण दगडावर नाव नव्हतं. मस्कीच्या लेखात ते आलं. एका साक्षीदारानं अर्धं सांगितलेलं दुसऱ्यानं पुरं केलं. हट्टीच्या गारगोटीवर काम करताना मला हा शिलालेख वरचेवर आठवायचा, कारण आमचंही सगळं दुसऱ्या साक्षीदारावर अडून बसलेलं असे.

अडायचं ते असं. बुडबुडा नाहीसा झाला ते तापमान म्हणजे स्फटिक बनला ते तापमान नव्हे. ते ‘निदान इतकं तरी’ आहे. समजा पाणी ३५० अंशांना बंद झालं, पण जमिनीखाली सात किलोमीटरवर, प्रचंड दाबाखाली. दाबामुळे पाणी आधीच घट्ट बसलेलं होतं. ते गार होताना लगेच बुडबुडा सुटणार नाही. तापमान बरंच खाली आल्यावर, कदाचित २५० ला, पहिला बुडबुडा सुटेल. मी प्रयोगशाळेत तापवत गेलो की मला २५० दिसणार. वरचे शंभर अंश कुपीनं मला सांगितलेलेच नाहीत.

कागदावर हे एका तिरक्या रेघेसारखं दिसतं. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर दाब. कुपीतल्या द्रवाची घनता एकदा ठरली की ती कुपी या रेघेवर कुठेतरी बंद झाली, एवढं पक्कं. २५० अंश आणि थोडा दाब, ३०० आणि बराच दाब, ३५० आणि प्रचंड दाब, सगळी उत्तरं सारखीच बरोबर. दोन अज्ञात आणि समीकरण एक. सातवीतल्या पोरालाही कळेल की यातून काही निघणार नाही.

तरीही कितीतरी अहवालांत मी वाचलंय, ‘खनिजनिर्मितीचे तापमान २४५ अंश’. खाली स्तंभालेख, सरासरी, वर अधिक-उणे पाच. यंत्राची अचूकता दगडाच्या नावावर खपवलेली असते. माझी यावर चिडचिड होते, पण फार नाही, कारण गेली अकरा वर्षं मी पोटापाण्यासाठी बोअरवेलच्या जागा दाखवतो. दीडशे ते दोनशे फूट म्हटलं की शेतकरी विचारतो, “साहेब, पण नक्की किती?” माणसाला एकच आकडा हवा असतो. त्याच्या जागी मी असतो तर मलाही हवा असता.

तर, दुसरा साक्षीदार. सोनं स्वतः बोलत नाही. ते अपारदर्शक, त्याच्या पोटात काय कोंडलंय ते दिसत नाही. गारगोटी बोलते, पण ती शेजारीण. सोनं आणि ही गारगोटी एकाच वेळी बसली, हे आधी सिद्ध करायला लागतं. त्यातही गारगोटीला पुढे कधीतरी तडे जातात, तड्यांत नंतरचं पाणी शिरतं, तडे भरून येतात आणि नव्या कुप्यांची माळ तयार होते. ही माळ एका कणातून सरळ दुसऱ्या कणात गेलेली दिसली की समजायचं, ही उशिरा आलेली. सर म्हणायचे, “आधी कोण घरचं, कोण पाहुणं, ते ओळख. मापं नंतर घे.” तीन महिने मी मापं न घेता नुसत्या माळा रेखाटत होतो. तेव्हा तो छळ वाटला होता. पाच बाटल्यांचा न्याय इथेच उपयोगी पडला. एका माळेतल्या सगळ्या कुप्यांत बुडबुड्याचं प्रमाण सारखं असेल तर माळ खरी. एखाद्या कुपीचा बुडबुडा भलताच मोठा असेल तर ती गळलेली, म्हणजे तिच्यातलं खरंच कुणीतरी प्यायलंय.

हट्टीच्या शिरांत सोन्याच्या अंगाला चिकटून आर्सेनोपायराइट असतं. लोखंड, आर्सेनिक आणि गंधक यांचं चंदेरी, पाचरीसारख्या कणांचं खनिज. त्यात आर्सेनिक किती बसतं हे तापमानावर ठरतं. अट एवढीच, की सोबत पायराइट, पायरोटाइट अशी लोखंड-गंधकाची ठरावीक खनिजं त्याच वेळी हजर हवीत. १९७६ साली क्रेट्श्मर आणि स्कॉट या दोघांनी भट्टीत हे खनिज निरनिराळ्या तापमानांना बनवून त्याचा नकाशा तयार केला. कणातलं आर्सेनिक मोजायचं आणि नकाशावरून तापमान वाचायचं. आईच्या एकतारीत आणि यात मला तरी फरक दिसत नाही. तीही तापमान मोजत नव्हती, पाकात साखर किती दाटली ते बघत होती, आणि त्यावरून ताव कळत होता.

हा साक्षीदार गारगोटीशी संबंध नसलेला, म्हणून मोलाचा. त्याच्या तापमानाची उभी रेघ आणि कुपीची तिरकी रेघ जिथे एकमेकींना छेदतात, तिथे दाब हाती लागतो.

दाबाचा स्वतंत्र साक्षीदारही आहे, स्फॅलेराइट. जस्ताचं सल्फाइड, जस्ताची मुख्य कच्ची धातू. यात जस्ताच्या काही जागा लोखंड घेतं. पायराइट आणि पायरोटाइट दोन्ही सोबत असतील तर किती लोखंड आत शिरणार हे बऱ्याच मोठ्या पल्ल्यात तापमानावर नाही, दाबावर ठरतं. दाब नगण्य असताना आयर्न सल्फाइडचं प्रमाण वीस टक्क्यांच्या थोडं वर. पाच किलोबारच्या आसपास चौदा. एक किलोबार म्हणजे साधारण हजार वातावरणांचा दाब. दाब वाढेल तसं लोखंड बाहेर ढकललं जातं, लोकलमध्ये गर्दी वाढली की अंगानं मोठे लोक दारातच राहतात तसं. कल्पना इतकी देखणी आहे की प्रत्यक्षात ती किती वेळा फसते हे कळल्यावर वाईट वाटतं. स्फॅलेराइटच्या पोटात तांब्याच्या खनिजाचे बारीक ठिपके उठतात, गोवर आल्यासारखे. जाणकार त्याला खरंच ‘चाल्कोपायराइट डिसीझ’ म्हणतात. या रोग्याचा दाब घेऊन उपयोग नाही. पायरोटाइटचाही भरवसा कमी, गार होताना ते आपली रचना बदलत राहतं आणि आधी काय होतं ते विसरतं.

आणि दाब मिळाला तरी खोली मिळत नाही, ही सगळ्यात मोठी गंमत. एक किलोबार घ्या. वर नुसता खडक असेल तर तेवढ्या दाबाला पावणेचार किलोमीटर जाडी लागते. कोलारची खाण तीन किलोमीटरच्या वर खोल गेली होती, त्याहूनही हे खाली. पण फट थेट जमिनीपर्यंत उघडी असेल आणि दाब नुसत्या पाण्याच्या खांबाचा असेल, तर त्याच एका किलोबारला दहा किलोमीटर लागतात. एकच आकडा, खोली पावणेतीन पट. मग यातलं खरं कोणतं?

बहुधा दोन्ही, आळीपाळीनं. सोन्याच्या या शिरा हातात घेतल्या तर त्या पापुद्र्यांच्या दिसतात. गारगोटीचा थर, काळपट खडकाची चिरी, पुन्हा गारगोटी, चिरोट्यासारख्या. खाली बंद फटीत पाण्याचा दाब वाढत जातो, वरच्या खडकाच्या भाराएवढा होतो, भूकंप होतो, फट उघडते, दाब एकदम पडतो. पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड सोड्याची बाटली उघडावी तसा वेगळा होतो. गंधकाचा हात धरून पाण्यात तरंगत आलेलं सोनं हात सुटल्यावर जागीच बसतं. गारगोटी फट बुजवून टाकते, आणि पुन्हा दाब साठायला लागतो. कुकरची शिट्टी, हजारो वेळा. १९८८ च्या सुमारास रिचर्ड सिब्सन आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. तेव्हापासून ‘हे सोनं किती दाबाला बसलं’ या प्रश्नाचं एकच उत्तर मागणंच चुकीचं वाटायला लागलं. शिट्टीच्या आधीचा दाब हवाय की नंतरचा?

हट्टीच्या काही कुप्यांत पाण्याऐवजी जवळजवळ नुसता कार्बन डाय-ऑक्साइड असतो, काहींत दोन्ही. माझं शिक्षण खरं तर यांनीच केलं. मे महिन्यात मी हा काप कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकावर बघितला होता. बाहेर चव्वेचाळीस, आत पंखा. कुपीत पाणी आणि एक गोल, बस. चित्र काढलं, ‘दोन अवस्था’ असं लिहिलं आणि वही मिटली. डिसेंबरात सकाळी आठला तोच काप, तीच कुपी काढली आणि गोलाच्या आत दुसरा गोल होता. पाणी, त्यात द्रव कार्बन डाय-ऑक्साइड, त्यात त्याचाच वायू. डोळा, बुबुळ, बाहुली. कार्बन डाय-ऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१.१ अंश. त्याच्या वर द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात ही बाहुली दिसणं शक्य नव्हतं. माझी मे महिन्याची वही चूक नव्हती आणि बरोबरही नव्हती. वहीत मी खोलीचं तापमान लिहिलं नव्हतं, एवढंच.

ती आतली बाहुली नेमकी किती अंशांना विरघळते, त्यावरून या वायूची घनता निघते, आणि घनतेवरून ती तिरकी रेघ. म्हणजे काही किलोमीटर खोलीचा दाब आपण एसीच्या तापमानाला बसून वाचतो.

तापवण्या-गोठवण्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत होतं आणि मला तिथे चार दिवस मिळाले होते. द्रवरूप नायट्रोजनची किटली, सूक्ष्मदर्शकावर बसणारी चपटी डबी, तिच्यात नखाएवढा काप. क्रम ठरलेला, आधी गोठवायचं, मग तापवायचं. गोठलेला कार्बन डाय-ऑक्साइड उणे ५६.६ ला वितळला तर तो शुद्ध, त्याआधीच वितळला तर मिथेनची भेसळ. बर्फाचा शेवटचा कण उणे २ ला गेला तर पाण्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास मीठ, म्हणजे समुद्राइतकं. गोठवण्याचं सगळं नीट झालं. चौथ्या दिवशी दुपारी तापवायला घेतलं.

सोन्याच्या कणाला अगदी लागून एक कुपी होती, पूर्ण कापात तशी एकच. मिनिटाला दहा अंशांनी तापवत होतो. बुडबुडा आकसायला लागला की वेग एक अंशावर आणायचा असतो. बुडबुडा अजून चांगला मोठा होता. मी चहा प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा कुपी काळी पडली होती आणि तिच्याभोवती बारीक चांदणीसारखे तडे. आतला दाब वाढून ती फुटली होती. कार्बन डाय-ऑक्साइडवाल्या कुप्या बऱ्याचदा बुडबुडा नाहीसा व्हायच्या आधीच फुटतात, हे मला पाठ होतं. आवाज झाला असेल तर तो ऐकायला खोलीत कुणी नव्हतं.

सरांना फोन केला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तडतडलं का?” मला एकदम आजी आठवली. दृष्ट काढून झाली की ती मीठ-मोहऱ्या चुलीत टाकायची आणि मीठ ताडताड उडायचं. जितकं जास्त तडतडेल तितकी दृष्ट जबर. खड्याच्या मिठात मिठागराचं पाणी कोंडलेलं असतं, ते तापून खडा फोडतं, म्हणून हा आवाज. बारीक दळलेलं मीठ तसं तडतडत नाही. आजी आयुष्यभर हाच प्रयोग करत होती आणि तिनं काढलेला निष्कर्ष निदान पेशंटला बरं वाटायला पुरेसा होता. माझ्या निष्कर्षात त्या कुपीपुढे मी लिहिलं, ‘मापन झाले नाही.’ प्रबंधात शेवटी दाब-तापमानाच्या आलेखावर एक ठिपका नाही, एक चौकोन काढला. बराच मोठा. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, चौकोन इतका मोठा का? मी म्हणालो, याहून लहान काढता येत नाही. त्यांनी मान हलवली, ती कोणत्या अर्थानं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काप माझ्याकडेच राहिला. कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत, कापसात. कॉलेजनं जुने सूक्ष्मदर्शक भंगारात काढले तेव्हा त्यातला एक मी घेतला, पितळी खटक्याचा, साध्या बल्बवर चालणारा. मागच्या डिसेंबरात, थंडी चांगली पडलेली असताना, सकाळी मुलीला दाखवायला काढला. फुटलेल्या कुपीच्या जरा वर एक साबूत कुपी आहे, ती नेमकी भिंगाखाली आणली. तिनं डोळा लावला.

“दोन गोल आहेत. एकात एक.”

“बघत राहा.”

बल्ब तापत गेला तशी आतली बाहुली थरथरली, लहान झाली, गेली.

“बाबा, गेला. तुम्ही काही केलंत का?”

मी बल्ब बंद केला आणि दोघंही अंधाऱ्या नळीशी थांबलो. आई आतून विचारत होती, चहा परत गरम करू का. पाच मिनिटांनी दिवा लावला. आधी काहीच नव्हतं. मग गोलाच्या आत एकदम फेसासारखं काहीतरी उसळलं आणि त्यातून एक बुडबुडा सुटा झाला.